‘डॉक्टर हू’चे बोधचिन्ह : साठ वर्षांत बदललेली अक्षरे आणि टिकून राहिलेली ओळख

ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकल्पनाधारित मालिकेचे नवे बोधचिन्ह बीबीसीने ऑक्टोबर २०२२ मध्ये जाहीर केले, तेव्हा जुन्या प्रेक्षकांना ते नवे वाटलेच नाही. शंकरपाळ्याच्या आकाराची आडवी चौकट, तिच्या वरच्या अर्ध्या भागात ‘डॉक्टर’ आणि खालच्या अर्ध्या भागात ‘हू’ ही रचना त्यांनी यापूर्वी पाहिली होती. डिसेंबर १९७३ मध्ये पहिल्यांदा पडद्यावर आलेला हा आकार १९८० मध्ये बाजूला ठेवण्यात आला होता. चार दशकांनंतर, मालिकेच्या साठाव्या वर्धापनाच्या तोंडावर, तो नव्याने रेखाटून परत आणण्यात आला.

एखाद्या कार्यक्रमाच्या नावाची अक्षरे कशी लिहावीत, हा वरवर पाहता किरकोळ प्रश्न आहे. मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या कार्यक्रमात कलावंत, निर्माते, लेखक आणि तंत्रज्ञ बदलत जातात. अशा वेळी ‘हा तोच कार्यक्रम आहे’ ही खात्री प्रेक्षकाला पहिल्या अर्ध्या मिनिटात द्यावी लागते आणि ती जबाबदारी शीर्षकदृश्य, शीर्षकसंगीत व बोधचिन्ह यांच्यावर येते. ‘डॉक्टर हू’च्या बोधचिन्हाचा प्रवास म्हणूनच दूरचित्रवाणीच्या तंत्राचा, सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या स्मृतीचा आणि चिन्हावरील मालकीहक्काचाही इतिहास ठरतो.

मालिकेची रचना आणि चिन्हाची गरज

‘डॉक्टर हू’चा पहिला भाग २३ नोव्हेंबर १९६३ रोजी, शनिवारी सायंकाळी प्रसारित झाला. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांच्या हत्येचा तो दुसरा दिवस होता. पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाआधी पहिला भाग पुन्हा दाखवण्यात आला. बीबीसीच्या नाट्यविभागाचे प्रमुख सिडनी न्यूमन यांच्या पुढाकाराने ही मालिका उभी राहिली. व्हेरिटी लँबर्ट या तिच्या पहिल्या निर्मात्या. पहिल्या कथेचे दिग्दर्शन वारिस हुसेन यांनी केले. हुसेन यांचा जन्म १९३८ मध्ये लखनौ येथे झाला. कादंबरीकार अतिया हुसेन या त्यांच्या मातोश्री. आज साठीपार गेलेल्या या मालिकेच्या पहिल्या दृश्यांवर एका भारतीय वंशाच्या दिग्दर्शकाची मोहोर आहे, ही बाब भारतीय वाचकांसाठी विशेष नोंदवण्याजोगी आहे.

मालिकेचा नायक स्वतःला केवळ ‘डॉक्टर’ म्हणवतो. तो परग्रहवासी असून काळात आणि अवकाशात प्रवास करतो. ‘टार्डिस’ नावाचे त्याचे यान बाहेरून निळ्या रंगाच्या जुन्या ब्रिटिश पोलीस पेटीसारखे दिसते. नायकाचे खरे नाव गुप्त असल्याने मालिकेचे शीर्षक हाच एक प्रश्न आहे. मात्र त्यापुढे प्रश्नचिन्ह दिले जात नाही.

पहिले नायक विल्यम हार्टनेल यांनी १९६६ मध्ये भूमिका सोडली. मालिका बंद करण्याऐवजी निर्मात्यांनी निराळा मार्ग काढला. मरणासन्न अवस्थेत डॉक्टरचे शरीर पालटते आणि तो नव्या चेहऱ्याने जगू लागतो, अशी कल्पना योजून त्याच भूमिकेत पॅट्रिक ट्राउटन यांना आणण्यात आले. या एका निर्णयामुळे मालिकेला दीर्घायुष्य लाभले. त्याचबरोबर मुख्य चेहरा हे ओळखीचे सर्वांत सोपे साधन मात्र हातातून गेले. त्यामुळे ओळखीचा भार संगीत, निळी पेटी आणि बोधचिन्ह या तीन गोष्टींवर आला. त्यांपैकी धून आणि पेटी यांच्या मूळ रूपाला फारसा धक्का लागला नाही. अक्षरे मात्र वारंवार बदलली.

१९६३ : स्वतःकडे पाहणारा कॅमेरा

पहिले शीर्षकदृश्य बीबीसीचे आलेखनकार बर्नार्ड लॉज यांनी साकारले. त्यासाठी वापरलेल्या तंत्राला ‘हाऊलअराउंड’ असे नाव होते. सभामंडपात माईक कर्ण्यासमोर आला की आवाज पुन्हा पुन्हा फिरून कर्कश शिट्टी घुमते. तेच तत्त्व येथे चित्राला लावण्यात आले. कॅमेरा त्याच्याच दृश्याचा पडदा टिपू लागला, म्हणजे पडद्यातील पडदा, त्यातील पडदा अशी साखळी तयार होते. प्रकाशाचा लहानसा ठिपका त्यात सोडला तरी ढगांसारखे, धुरासारखे, सतत उमलणारे आकार निर्माण होतात. बीबीसीतील तंत्रज्ञ नॉर्मन टेलर यांच्या प्रयोगांतून हा परिणाम हाती आला होता.

या उमलत्या आकारांतून मालिकेचे नाव वर येत असे. अक्षरे साधी, ठळक आणि कोणत्याही अलंकाराविना होती. त्या काळी ब्रिटनमध्ये चित्र ४०५ आडव्या रेषांचे आणि कृष्णधवल असे. अशा पडद्यावर नाजूक वळणे पुसट होण्याचा धोका असल्याने ठसठशीत अक्षरांची निवड व्यवहार्य होती. आजच्या अर्थाने हे बोधचिन्ह नव्हतेच. ती केवळ नावाची पाटी होती आणि तिचे सारे गूढ तिच्यामागील हलत्या प्रकाशात होते.

शीर्षकसंगीताची रचना रॉन ग्रेनर यांची. बीबीसीच्या रेडिओफोनिक कार्यशाळेतील डेलिया डर्बिशायर यांनी ती विद्युत ध्वनी आणि ध्वनिफितीचे कापून जोडलेले तुकडे यांच्या साह्याने प्रत्यक्षात आणली. १९६७ मध्ये ट्राउटन यांचा चेहरा शीर्षकदृश्यात समाविष्ट झाला. नायक बदलू शकतो, हे प्रेक्षकांनी स्वीकारल्यानंतर नव्या नायकाचा चेहरा नावाशेजारी दाखवण्याची प्रथा येथून सुरू झाली आणि १९८९ पर्यंत टिकली.

१९७० ते १९८० : रंग आणि चौकट

बीबीसीच्या पहिल्या वाहिनीवर नोव्हेंबर १९६९ मध्ये रंगीत प्रसारण सुरू झाले. त्यापाठोपाठ जानेवारी १९७० मध्ये जॉन पर्टवी हे नवे डॉक्टर रंगीत चित्रात अवतरले. लॉज यांनी जुनेच तंत्र पुन्हा वापरले. मूळ प्रतिमा कृष्णधवलच होत्या. त्यांवर नंतर रंग चढवण्यात आले. या वेळी नावाची अक्षरेही नव्याने घडवण्यात आली. ती वळणदार होती आणि त्यांना स्वतःचे व्यक्तिमत्त्व होते. नावाच्या पाटीचे बोधचिन्हात रूपांतर होण्याची ही पहिली पायरी मानता येते.

खरा बदल १५ डिसेंबर १९७३ रोजी झाला. नव्या शीर्षकदृश्यासाठी लॉज यांनी ‘स्लिट-स्कॅन’ हे तंत्र निवडले. स्टॅन्ली क्युब्रिक यांच्या ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ या १९६८ च्या चित्रपटातील प्रकाशाच्या बोगद्यामुळे हे तंत्र प्रसिद्धीस आले होते. अंधारात ठेवलेल्या चित्रासमोर एक अरुंद फट असते. कॅमेरा त्या फटीच्या दिशेने सरकत असताना फिल्मची एकच चौकट बराच वेळ उघडी ठेवली जाते. त्यामुळे चित्र ताणले जाऊन खोल बोगद्यासारखे भासते. सेकंदाच्या दृश्यासाठी अशा अनेक चौकटी एकेक करून टिपाव्या लागत. त्यामुळे हे काम अत्यंत वेळखाऊ होते.

या बोगद्यातून शंकरपाळ्याच्या आकाराचे बोधचिन्ह पुढे येत असे. त्याच्या बाह्यरेषेनुसार अक्षरांची उंची कमीजास्त केलेली होती. शब्द चौकटीत नुसते ठेवलेले नव्हते, तर चौकट शब्दांनाच आकार देत होती. परिणामी अक्षरे न वाचताही केवळ बाह्याकारावरून मालिका ओळखता येऊ लागली. पुस्तकाचे वेष्टन असो वा खेळण्याचे खोके, हे चिन्ह कोठेही सहज बसत असे.

काळही अनुकूल ठरला. १९७४ मध्ये टॉम बेकर यांनी पर्टवी यांची जागा घेतली आणि ते १९८१ पर्यंत भूमिकेत राहिले. त्यांच्या कारकिर्दीतील बहुतांश काळ हेच चिन्ह पडद्यावर होते. एका पिढीच्या बालपणाशी ते जोडले गेले, आणि हीच गोष्ट पुढे निर्णायक ठरली.

येथे एक बाब लक्षात घेण्याजोगी आहे. हे चिन्ह पर्टवी यांच्या अखेरच्या पर्वात आले आणि बेकर यांच्या काळात पुढे चालू राहिले. म्हणजे नायक बदलला तेव्हा चिन्ह स्थिर होते. नायक आणि चिन्ह एकाच वेळी न बदलल्याने प्रेक्षकाच्या हाती ओळखीचा एक धागा कायम राहत असे.

१९८० ते १९८९ : नळदिव्यांची अक्षरे आणि संगणक

जॉन नेथन-टर्नर यांनी निर्मात्याची सूत्रे स्वीकारल्यानंतर ३० ऑगस्ट १९८० रोजी मालिकेचे रूप एकदम पालटले. बोगदा जाऊन त्याजागी प्रेक्षकाच्या दिशेने झेपावणारे तारे आले. सिड सटन यांनी तयार केलेल्या या दृश्यात ताऱ्यांतूनच डॉक्टरचा चेहरा साकार होत असे. बोधचिन्हातील अक्षरे निऑन नळ्या वाकवून केल्यासारखी दिसत. पीटर हॉवेल यांनी शीर्षकधून नव्या वाद्ययंत्रांवर पुन्हा बांधली. याच पर्वापासून नायकाच्या सदऱ्याच्या कॉलरवर प्रश्नचिन्हे झळकू लागली. शीर्षकात न दिलेले प्रश्नचिन्ह आता पोशाखावर उतरले होते.

पीटर डेव्हिसन यांच्या काळात हेच चिन्ह चालू राहिले. कॉलिन बेकर यांच्यासाठी १९८४ मध्ये ते किंचित वक्र आणि अधिक रंगीत करण्यात आले.

सप्टेंबर १९८७ मध्ये सिल्व्हेस्टर मॅककॉय यांच्या आगमनाबरोबर शीर्षकदृश्य प्रथमच पूर्णपणे संगणकावर तयार झाले. त्याचे आलेखन ऑलिव्हर एल्म्स यांचे होते. फिरती आकाशगंगा, बुडबुड्यात अडकलेली निळी पेटी आणि डोळा मिचकावणारा डॉक्टर असे त्याचे स्वरूप होते. बोधचिन्हात ‘डॉक्टर’ हा शब्द हस्ताक्षरासारखा तिरपा आणि लहान, तर ‘हू’ मोठे व घन अक्षरांत होते. दोन शब्दांना दोन निराळ्या शैली देण्याचा हा प्रयोग त्या दशकाच्या अभिरुचीशी सुसंगत होता. मात्र संगणकीय चित्रांचे तंत्र झपाट्याने पुढे जात असल्याने जे रूप त्या वर्षी आधुनिक वाटले, ते थोड्याच काळात जुने दिसू लागले. डिसेंबर १९८९ मध्ये मालिकेचे नियमित प्रसारण थांबले.

खंडित काळ : पडद्यावर मालिका नसताना

पुढील सोळा वर्षांत पडद्यावर केवळ एकच लक्षणीय प्रयत्न झाला. पॉल मॅकगॅन यांची भूमिका असलेला दूरचित्रवाणी चित्रपट मे १९९६ मध्ये अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये दाखवण्यात आला. नवे, बहुतांशी अमेरिकी प्रेक्षक डोळ्यांसमोर असतानाही निर्मात्यांनी नवे चिन्ह घडवले नाही. पर्टवी यांच्या काळातील १९७० चे चिन्ह त्यांनी काही फेरफार करून वापरले. जुन्या चिन्हाकडे परतण्याची ही पहिली वेळ होती.

चित्रपटातून नवी मालिका उभी राहिली नाही. पण त्याचे चिन्ह टिकले. बीबीसीने जुन्या भागांच्या चित्रफिती आणि पुढे डीव्हीडी यांच्या वेष्टनांवर हेच चिन्ह दीर्घकाळ छापले. ज्या तरुणांनी मालिका कधी प्रसारणात पाहिली नव्हती, त्यांची तिच्याशी पहिली भेट या वेष्टनांवरील चिन्हातून झाली. प्रसारण थांबले असताना बोधचिन्हानेच मालिकेचे नाव दुकानाच्या फडताळावर जिवंत ठेवले, असे म्हणता येईल.

२००५ नंतर : सूत्रधार बदलला की चिन्ह बदलते

रसेल टी. डेव्हिस यांच्या नेतृत्वाखाली २६ मार्च २००५ रोजी मालिका पुन्हा सुरू झाली. या वेळचे चिन्ह आडवे, भिंगासारख्या लांबट आकारावर कोरलेले आणि पिवळसर नारिंगी प्रकाशाने उजळलेले होते. लंडनच्या टॅक्सीच्या टपावरील दिव्याशी असलेल्या साम्यामुळे चाहत्यांनी त्याला टॅक्सीचे चिन्ह असे टोपणनाव दिले. रुंद पडद्याच्या दूरचित्रवाणी संचांचा तो काळ असल्याने आडवी मांडणी सोयीचीही होती.

स्टीव्हन मॉफट यांच्याकडे सूत्रे आली आणि एप्रिल २०१० मध्ये मॅट स्मिथ यांच्या पहिल्या भागासोबत नवे चिन्ह आले. त्यात इंग्रजीतील ‘डी’ आणि ‘डब्ल्यू’ या आद्याक्षरांची जुळणी करून निळ्या पोलीस पेटीची आकृती साधली होती. संपूर्ण नाव न लिहिताही एवढे चिन्ह पुरेसे ठरत असे. भ्रमणध्वनीच्या लहान पडद्यासाठी असे सुटसुटीत चिन्ह उपयुक्त असते. २०१२ मधील भागांत आणखी एक प्रयोग झाला. कथेच्या विषयानुसार प्रत्येक भागात बोधचिन्हाच्या अक्षरांचा पोत बदलण्यात आला.

ख्रिस चिबनॉल यांच्या कारकिर्दीसाठीचे चिन्ह फेब्रुवारी २०१८ मध्ये जाहीर झाले. जोडी व्हिटेकर या मालिकेच्या नायकपदी आलेल्या पहिल्या स्त्री कलावंत होत्या. सडपातळ, मोकळी अक्षरे आणि सोनेरी छटा ही त्या चिन्हाची वैशिष्ट्ये होती. डेव्हिस परतल्यानंतर २०२२ मध्ये चौकटीचे चिन्ह जाहीर झाले आणि नोव्हेंबर २०२३ मधील विशेष भागांपासून ते पडद्यावर दिसू लागले. ब्रिटन व आयर्लंडबाहेर मालिका ‘डिस्ने प्लस’वरून दाखवण्याची घोषणाही त्याच सुमारास झाली होती. जागतिक मंचावर नव्या प्रेक्षकांना सामोरे जाताना बीबीसीने सर्वांत जुन्या ओळखींपैकी एकीचा आधार घेतला.

जुन्या पर्वातील क्रम आणि नवा क्रम यांत ठळक फरक दिसतो. पूर्वी बदल टप्प्याटप्प्याने होत. २००५ नंतर मात्र मुख्य लेखक-सूत्रधार बदलला की बोधचिन्ह, शीर्षकदृश्य आणि बहुधा नायकही एकत्रच बदलू लागले. बोधचिन्ह हे मालिकेच्या सातत्याची खूण असण्याबरोबरच नव्या कारकिर्दीची द्वाहीदेखील बनले.

निळी पेटी कोणाची?

बोधचिन्ह ओळखीचे साधन असते, तसेच ते मालमत्ताही असते. याचा प्रत्यय पोलीस पेटीच्या वादात आला. बीबीसीने १९९६ मध्ये निळ्या पेटीच्या आकृतीची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी मागितली. लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलीस दलाने त्यास हरकत घेतली. मूळ पेट्या पोलिसांच्याच होत्या. १९२०-३० च्या दशकांत नागरिकांना ठाण्याशी संपर्क साधता यावा, म्हणून त्या रस्तोरस्ती उभारल्या गेल्या होत्या.

ब्रिटनच्या पेटंट कार्यालयाने २००२ मध्ये बीबीसीच्या बाजूने निर्णय दिला. पोलिसांनी ही आकृती व्यापारचिन्ह म्हणून कधी नोंदवलेली नव्हती आणि बीबीसी अनेक वर्षे तिच्यासह वस्तू विकत होती, हे मुद्दे त्यात महत्त्वाचे ठरले. मूळ पेट्या रस्त्यांवरून जवळजवळ नाहीशा झाल्या होत्या, तर मालिकेतील पेटी घरोघरी पोहोचली होती. एका सरकारी सुविधेची आकृती अशा रीतीने एका कथेची खूण बनली.

स्मृतीचे राखणदार

‘डॉक्टर हू’च्या इतिहासाला एक वेदनादायी बाजू आहे. १९६० आणि १९७० च्या दशकांत बीबीसीने जुन्या चित्रफिती पुसून पुन्हा वापरल्या, तर फिल्मच्या प्रती टाकून दिल्या. त्या काळी पुनःप्रक्षेपणाचे हक्क मर्यादित होते, फीत महाग होती आणि घरोघरी चित्रफितींचा बाजार उभा राहिलेला नव्हता. परिणामी १९६० च्या दशकातील नव्वदहून अधिक भाग संग्रहातून नाहीसे झाले. ज्या भागाच्या अखेरीस हार्टनेल यांचे ट्राउटन यांच्यात रूपांतर झाले, तो ऐतिहासिक भागही त्यांत आहे. रूपांतराचे दृश्य तेवढे वाचले, कारण लहान मुलांच्या ‘ब्लू पीटर’ या कार्यक्रमात ते दाखवले गेले होते.

हरवलेल्या भागांचा ध्वनी मात्र उपलब्ध आहे. तो संस्थेने जपला नव्हता. घरी दूरचित्रवाणी संचासमोर ध्वनिमुद्रक ठेवणाऱ्या प्रेक्षकांनी तो जपला. अनेक कथांची चित्रे गेली, पण त्यांच्या आरंभीची धून आणि नाव लोकांच्या स्मरणात राहिले. शीर्षकदृश्य दर आठवड्याला पुन्हा दाखवले जात असल्याने मालिकेचा हा भाग मात्र सुरक्षित राहू शकला.

श्रेयाचा प्रश्नही येथे येतो. मूळ शीर्षकधून प्रत्यक्षात आणणाऱ्या डेलिया डर्बिशायर यांचे नाव मालिकेच्या श्रेयनामावलीत प्रथम झळकले ते २०१३ मध्ये, पन्नासाव्या वर्धापनाच्या विशेष भागात. त्यांचे निधन २००१ मध्ये झाले होते. कोट्यवधी लोकांना पाठ असलेल्या कलाकृतीमागील नाव पडद्यावर यायला अर्धे शतक लागले.

याच्या उलट उदाहरण त्यानंतर लगेच घडले. लीड्स येथील आलेखनकार बिली हॅन्शॉ यांनी चाहता या नात्याने घड्याळाच्या चक्रांवर आधारित एक शीर्षकदृश्य तयार करून २०१३ मध्ये इंटरनेटवर ठेवले. ते मॉफट यांच्या पाहण्यात आले आणि २०१४ मध्ये पीटर कॅपाल्डी यांच्या पर्वाचे अधिकृत शीर्षकदृश्य त्याच कल्पनेवर बेतले गेले. ज्या प्रेक्षकवर्गाने एकेकाळी ध्वनी वाचवला, त्याच वर्गातील एकाने आता दृश्य घडवले.

भारतीय संदर्भ

सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या चिन्हाशी प्रेक्षकांचे नाते किती दृढ असते, याचा अनुभव भारतालाही आहे. दूरदर्शन १ एप्रिल १९७६ रोजी आकाशवाणीपासून वेगळे झाले. त्याचे डोळ्याच्या आकाराचे चिन्ह अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत देवाशिष भट्टाचार्य यांनी विद्यार्थी असताना रेखाटले होते. फिरत येऊन जुळणाऱ्या दोन वक्रांची ती आकृती आणि तिच्यासोबतची धून आजही एका पिढीला तत्काळ ओळखू येते. दूरदर्शनने २०१७ मध्ये नव्या चिन्हासाठी स्पर्धा जाहीर केली तेव्हा आणि एप्रिल २०२४ मध्ये ‘डीडी न्यूज’च्या चिन्हाचा रंग लालऐवजी केशरी झाला तेव्हा सार्वजनिक चर्चा झडली. एक मालिका आणि एक वाहिनी यांची तुलना पूर्णतः जुळणारी नाही. तरीही लोकांच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेच्या चिन्हात बदल करताना लोकांच्या आठवणींनाही हात लावला जातो, हे दोन्ही ठिकाणी सारखेच दिसते.

बदलाची तीन कारणे

सहा दशकांतील बदल पाहता त्यांमागे प्रामुख्याने तीन कारणे दिसतात. पहिले कारण तंत्रज्ञान : कृष्णधवल पडदा, रंगीत प्रसारण, स्लिट-स्कॅन, संगणक, रुंद पडदा आणि भ्रमणध्वनी यांनी अक्षरांना वेळोवेळी नवा आकार दिला. दुसरे कारण नेतृत्व : नव्या निर्मात्याला आपले पर्व वेगळे दाखवायचे असते. तिसरे कारण बाजार : वेष्टने, खेळणी आणि परदेशी वितरण यांसाठी चटकन ओळखू येणारे व कायद्याने संरक्षित चिन्ह लागते.

मात्र परतीचे कारण या तिन्हींत बसत नाही. १९९६ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये मालिका जुन्या चिन्हाकडे वळली, तेव्हा नवे काही घडवण्याची साधने पूर्वीपेक्षा अधिक होती. तरीही मागे पाहिले गेले, कारण दरम्यानच्या काळात ते चिन्ह आलेखनकाराचे किंवा संस्थेचे न राहता प्रेक्षकांचे झाले होते. नायकाचे शरीर पालटते, पण आठवणी कायम राहतात, हा मालिकेच्या कथेतील नियम तिच्या बोधचिन्हालाही लागू पडला.

कालपट

१९६३ : साध्या ठळक अक्षरांतील नाव, ‘हाऊलअराउंड’ तंत्रातील शीर्षकदृश्य.
१९६७ : शीर्षकदृश्यात नायकाच्या चेहऱ्याचा समावेश.
१९७० : रंगीत प्रसारणासह वळणदार अक्षरांचे चिन्ह.
१९७३ : चौकटीचे चिन्ह, ‘स्लिट-स्कॅन’ तंत्राचा वापर.
१९८० : निऑन नळ्यांसारखी अक्षरे आणि तारकांचे दृश्य.
१९८४ : त्याच चिन्हाचे वक्र, रंगीत रूप.
१९८७ : संगणकावर तयार झालेले शीर्षकदृश्य व नवे चिन्ह.
१९९६ : दूरचित्रवाणी चित्रपटासाठी १९७० च्या चिन्हाचे पुनरागमन.
२००५ : भिंगाच्या आकारावरील आडवे चिन्ह.
२०१० : आद्याक्षरांतून साकारलेली पोलीस पेटी.
२०१८ : सडपातळ अक्षरांचे चिन्ह.
२०२२ : चौकटीच्या चिन्हाच्या पुनरागमनाची घोषणा, नोव्हेंबर २०२३ पासून पडद्यावर वापर.